पश्चिमेची खिडकी आणि लेदरचा सोफा

लेदरच्या सोफ्यावर पडणाऱ्या उन्हाबद्दल लोक विचारतात ते बहुतेक मे महिन्यात, आणि प्रश्न ठरलेला असतो: याला काय लावू? क्रीम, तेल, स्प्रे, काहीतरी लावायचंच असतं. आम्ही काम सुरू करतो ते दुसऱ्या टोकाकडून. आधी खिडकी, मग काच, मग पडदा, मग सोफ्याची जागा आणि क्रीमच्या डबीचं झाकण सगळ्यांत शेवटी. ऊन तसंच पडत राहिलं तर वर लावलेलं काहीही सोलापुरात एक उन्हाळा टिकत नाही.

उन्हाने लेदरचं दोन बाजूंनी नुकसान होतं. प्रकाशाने रंगाचे रेणू तुटतात, म्हणून रंग उडतो. यात अतिनील किरणांचा वाटा मोठा असला तरी डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग खातोच. संग्रहालयात रंगवलेल्या चामड्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत. थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. दुसरं नुकसान उष्णतेचं. चामडं कमावताना त्यात तेलं मुरवलेली असतात आणि थोडा ओलावा कायम असतो. इथल्या एप्रिल-मेच्या दुपारी हवा आधीच कोरडी ठणठणीत, त्यात उन्हाने सोफ्याचा पृष्ठभाग तापला की तो ओलावा निघून जातो, तेलं हलतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. तंतू एकमेकांवर घसरायचे थांबतात. मग बसताना जिथे घडी पडते तिथे, म्हणजे बैठकीच्या पुढच्या काठावर आणि हातांच्या वळणावर, बारीक भेगा दिसू लागतात. उडालेला रंग परत देता येतो. तुटलेले तंतू जोडता येत नाहीत.

पुढे जाण्याआधी सोफा खरंच लेदरचा आहे का ते बघावं लागतं. कुशनची चेन उघडून आतली बाजू पाहा. मखमलीसारखी तंतुमय बाजू दिसली तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं. पुठ्ठ्यासारखा दाबून चिकटवलेला भुगा दिसला तर बॉन्डेड लेदर. बिलावर ‘लेदर सोफा’ लिहिलेलं असलं तरी बऱ्याच सोफ्यांत बैठक आणि पाठीची पुढची बाजू तेवढी खऱ्या चामड्याची असते. बाजू आणि मागची पाठ त्याच रंगाच्या रेक्झिनची. खिडकीकडे नेमकी हीच पाठ असते. तिच्यावर लेदर क्रीम चोळणं म्हणजे क्रीम वाया घालवणं. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो आणि रेक्झिन कडक होऊन फुटतं. पीयूचे पापुद्रे सुटतात. दोन्हींना सावली आणि ओल्या फडक्याने पुसणं एवढाच उपाय आहे.

चामडं असेल तर दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब पटकन जिरून जागा गडद झाली तर ते अ‍ॅनिलिन: आरपार रंगवलेलं, वर रंगाचा थर नाही. स्पर्शाला ते सगळ्यांत सुंदर आणि उन्हाला सगळ्यांत नाजूक. थेंब तसाच गोल राहिला तर वर पिगमेंटचा, म्हणजे रंगाचा, थर आणि त्यावर टॉपकोट, म्हणजे संरक्षक पारदर्शक थर आहे; हे जास्त टिकतं. मधला प्रकार सेमी-अ‍ॅनिलिन. पश्चिमेच्या हॉलसाठी कुणी विचारलं तर अ‍ॅनिलिन घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. दुकानदाराला ते आवडत नाही.

आता ऊन नेमकं कुठे पडतं ते. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलला पश्चिमेची मोठी स्लाइडिंग खिडकी किंवा बाल्कनीचं दार असलं की खरी अडचण दुपारी तीननंतर सुरू होते. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे आणि प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या जवळपास. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजताही तो क्षितिजापासून सुमारे २५ अंश वर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल तर त्या कोनात ऊन १५ फूट आत येतं. दोन फुटांचा छज्जा अशा तिरप्या उन्हापुढे खिडकीचा वरचा जेमतेम एक फूट झाकतो. ‘आमच्याकडे छज्जा आहे’ हे उत्तर म्हणूनच पश्चिमेला चालत नाही.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित वेगळं. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पुढे उत्तरेकडे झुकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. या मधल्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. येतं ते थंडीत. डिसेंबरच्या अखेरीला दुपारचा सूर्य ४९ अंशांवर असतो. छज्जा नसेल तर ऊन सहा फूट आत, दोन फुटांचा छज्जा असेल तर चार फूट. थंडीतलं ऊन अंगाला बरं वाटतं म्हणून पडदे उघडे राहतात आणि दक्षिणेच्या खिडकीखालच्या सोफ्याचा रंग जानेवारीत उडतो. दोष मात्र उन्हाळ्याला दिला जातो.

पश्चिमेच्या खिडकीतला उन्हाचा पट्टाही वर्षभर एका जागी नसतो. जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, तेव्हा कवडसा दक्षिणेकडच्या भिंतीकडे जातो. डिसेंबरमध्ये सूर्य नैर्ऋत्येला मावळतो आणि तोच कवडसा उत्तरेकडच्या भिंतीकडे. दिवाळीत हॉल लावताना सोफा सुरक्षित कोपऱ्यात ठेवला असं वाटतं आणि मे महिन्यात तोच कोपरा उन्हात येतो. निदान दोन ऋतूंत, तीन, चार, पाच आणि सहा वाजता फरशीवर उन्हाची कड खडूने आखून घ्यावी. थेट ऊन पडत नसेल तरी पांढऱ्या व्हिट्रिफाइड फरशीवरून उसळलेला प्रकाश सोफ्याच्या खालच्या पुढच्या पट्टीवर येतो. समोरच्या इमारतीची पांढरी भिंतही तेच करते.

यासाठी एक स्वस्त चाचणी आहे. पताकांचा लाल किंवा जांभळा पातळ कागद घ्या. त्याचा रंग फार लवकर उडतो. दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या कापा, प्रत्येकीचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि सोफ्याचे दोन्ही हात, पाठीची वरची कड, बैठकीचा पुढचा काठ आणि खालची पट्टी अशा जागी ठेवा. सोफ्यावर टेप चिकटवू नका, टॉपकोट निघतो; टाचणी तर नकोच. शिवणीच्या फटीत पट्टी खोचली तरी राहते. कागद आणि चामड्यामध्ये साधा पांढरा कागद ठेवा, म्हणजे हाताच्या घामाने पताकेचा रंग सोफ्याला लागणार नाही. दोन आठवड्यांनी फॉइल उघडून झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की कुठे किती मार बसतो ते कळतं. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. ते दिसणारा प्रकाश मोजतात, तोही अंदाजे, आणि अतिनील किरण त्यांना कळत नाहीत.

ऊन अडवायची सर्वांत चांगली जागा काचेच्या बाहेर आहे. काचेतून आत आलेली उष्णता पडद्याने परत जात नाही, ती पडदा आणि काच यांच्यामध्ये साठते आणि मग खोलीत पसरते. बाहेर बांबूची चिक किंवा शेडनेट लावली की उष्णता बाहेरच राहते. शेडनेट शोधायला पडद्यांच्या दुकानात जाऊ नका, शेतीच्या दुकानात जा. जिल्हा डाळिंबाचा आहे, फळांना उन्हाचे चट्टे पडतात, त्यामुळे जाळीची टक्केवारी आणि यूव्ही स्टॅबिलाइज्ड (अतिनील किरणांनी लवकर विरत नाही असा) माल म्हणजे काय हे त्या दुकानदाराला नीट माहीत असतं. घरासाठी ७५ टक्के सावलीची जाळी पुरते. ९० टक्क्यांची लावली तर खोली दिवसाही अंधारी होते आणि वारा अडतो. ५० टक्क्यांची पश्चिमेला कमी पडते.

जाळी ग्रिलला घट्ट चिकटवून बांधू नये. भिंतीपासून सहा ते नऊ इंच पुढे ठेवावी, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. चारही कडा दुमडून, शिवून त्यात दर फुटाला धातूच्या रिंगा बसवून घ्याव्यात; नुसत्या जाळीला भोक पाडून दोरी ओवली तर ती तिथूनच फाटत जाते. खालच्या कडेच्या नेफ्यात अर्ध्या इंचाचा पाइप घालावा आणि खालची बांधणी पटकन सुटेल अशी ठेवावी. वळवाच्या पावसाआधीचा वारा सुटला की पूर्ण ताणलेली जाळी शिडासारखी भरते आणि ग्रिलचे स्क्रू उपटते. सोसायटीत बाहेर काही लावायला मनाई असेल तर जाळी बाल्कनीच्या आतून, कठड्यापासून छतापर्यंत लावावी. तीही चालते.

काचेची गोष्ट बरेच जण चुकीची धरतात. काच बंद असली की अतिनील किरण आत येत नाहीत, असा समज आहे. साधी पाच मिलिमीटरची काच त्यातला आखूड लहरींचा भाग, म्हणजे यूव्ही-बी, जवळजवळ सगळा अडवते. कातडी भाजते ती मुख्यतः त्यानेच, म्हणून बंद काचेआड बसून कातडी लाल होत नाही. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा यूव्ही-ए मात्र बराचसा आत येतो आणि लेदरचा रंग खायला तो पुरेसा आहे. खिडकी नव्याने बसवायची असेल तर लॅमिनेटेड काच घ्यावी. तिच्या दोन काचांमधला पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण शोषतो. आहे ती काच ठेवायची तर फिल्म.

फिल्म घेताना काळेपणा बघू नका. गाडीच्या काचेची म्हणून मिळणारी स्वस्त काळी फिल्म नुसती रंगवलेली असते. इथल्या उन्हात ती जांभळी पडते, तिचे बुडबुडे सुटतात आणि मग ब्लेडने खरवडत बसावं लागतं. अतिनील किरण ९९ टक्के अडवण्याचा आणि दृश्य प्रकाश किती आत सोडते याचा आकडा माहितीपत्रकात छापलेला असावा. हॉलसाठी ३५ ते ५० टक्के दृश्य प्रकाश सोडणारी ठीक. पूर्ण पारदर्शक यूव्ही फिल्मने रंग उडणं मंदावतं, थांबत नाही, कारण दृश्य प्रकाश तसाच आत येतो.

लावण्याचं काम सकाळी उजाडता उजाडता, काच गार असताना करावं. दुपारी फिल्मखालचं पाणी वायपर फिरवायच्या आत वाळतं आणि फिल्म सुरकुतते. बोअरचं पाणी वापरू नये. त्यातले क्षार काच आणि फिल्ममध्ये कायमचे अडकतात आणि पांढुरके ठिपके दिसतात. एक लिटर आरओचं पाणी, त्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब, स्प्रे बाटलीत भरून. काच आधी याच पाण्याने धुऊन नव्या ब्लेडने खरवडून घ्यावी, विशेषतः कडा, कारण रंगकामाचे बारीक शिंतोडे तिथेच असतात. फिल्म चारही बाजूंनी एक इंच जास्त कापावी. कोपऱ्यावर पुढून-मागून टेपचे दोन तुकडे चिकटवून ओढले की पारदर्शक कागद सुटतो. काच आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही भरपूर भिजवाव्यात, वरून बसवावी, हाताने सरकवून जागेवर आणावी आणि रबरी वायपर मध्यापासून कडांकडे फिरवावा. उरलेली फिल्म खिडकीच्या चौकटीतल्या रबरापासून दीड-दोन मिलिमीटर अंतर सोडून कापावी. काचेच्या कडेला भिडवली तर तिथून उचलते. धुरकट पाण्याचे डाग पहिले काही दिवस राहतात, आपोआप जातात. टाचणीने टोचू नका. महिनाभर काच धुऊ नये.

एक धोका आधी तपासावा. काचेची कड आधीच टवका गेलेली असेल आणि अर्धी काच छज्जाच्या सावलीत, अर्धी उन्हात अशी स्थिती असेल, तर उष्णता शोषणारी गडद फिल्म लावल्यावर काच तडकू शकते. अशा काचेला फिकट फिल्म लावावी किंवा फिल्म सोडून बाहेरच्या जाळीवर भर द्यावा.

पडद्याचं थोडक्यात: खिडकीकडची बाजू पांढऱ्या ब्लॅकआउट अस्तराची हवी, पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा इंच जास्त आणि दांडी खिडकीच्या वर सहा इंच. फटीतून येणारी उन्हाची सरळ रेघ सोफ्यावर सरळ रेघच सोडते. पश्चिमेचा पडदा दोन वाजायच्या आत ओढलेला असावा.

मग येते चादर. सोलापुरात सोफा झाकायला सोलापुरी चादर हाताशी असतेच, आणि झाकण म्हणून ती उत्तम आहे: जाड सुती विण, प्रकाश फारसा आत जात नाही, हवा खेळते. पण नवी लाल, हिरवी, निळी चादर क्रीम किंवा फिकट तपकिरी सोफ्यावर थेट टाकू नये. घामाने किंवा कूलरच्या ओलाव्याने रंग सुटला तर तो टॉपकोटमध्ये शिरतो आणि पुसून निघत नाही. पांढरा रुमाल ओला करून चादरीवर अर्धा मिनिट दाबून चोळा. रुमालाला रंग लागला तर ती चादर सोफ्यासाठी नाही. आमची पसंती वापरून विटलेल्या फिकट चादरीला. दुसरी अडचण अशी की चादर रोज त्याच जागी टाकली की झाकलेला आणि उघडा भाग यांमध्ये महिन्याभरात कड उमटते. झाकायचं तर पूर्ण झाकावं. दुकानातून आलेलं प्लास्टिकचं आवरण मात्र पहिल्याच दिवशी काढून टाका. ते उष्णता कोंडतं आणि मे महिन्यात टॉपकोटला चिकटून बसतं. रबरी ठिपक्यांचं न सरकणारं अंथरूणही नको, त्या रबराचे पिवळट डाग पडतात.

कूलर ही खास आपल्याकडची भानगड. वाऱ्याचा झोत सोफ्यावर असेल तर बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार चामड्यावर वाळून क्षारांचे ठिपके पडतात, आणि जो भाग रात्रभर ओलसर, दुपारभर तापलेला असतो तो सर्वांत आधी तडकतो. झोत वर किंवा बाजूला वळवा, सोफा कूलरपासून किमान सहा फूट ठेवा.

एवढं झाल्यावर चामड्याला हात लावायचा. गड्ड्याची यात्रा उरकून फेब्रुवारी लागला की पहिली फेरी, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात दुसरी. मऊ ब्रशच्या नळीने व्हॅक्युम करा, शिवणी आणि फटी विसरू नका. इथली बारीक धूळ शिवणीत बसून सँडपेपरचं काम करते. मग लेदर क्लीनर. चामडं स्वभावतः आम्लधर्मी असतं, म्हणून भांड्यांचा साबण, खाण्याचा सोडा, कपड्यांची पावडर यांतलं काहीही वापरायचं नाही. घोड्याच्या खोगिरासाठीचा साबणही सोफ्यासाठी नाही. पाणी डिस्टिल्ड घ्यावं. बॅटरीत टाकायचं म्हणून मिळतं ते चालतं. बाटलीवरचं नाव मात्र वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. क्लीनरचा नुसता फेस स्पंजवर घेऊन दोन बाय दोन फुटांचा एक चौकोन पुसायचा, लगेच पिळलेल्या ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने. पंख्याखाली, पडदे ओढून, रात्रभर वाळू द्यावं.

दुसऱ्या दिवशी कंडिशनर, तोही आधी कुशनखाली लावून चोवीस तास पाहिल्यावर. तीन सीटच्या सोफ्याला ६० ते ८० मिलिलिटर पुरतं. त्याहून जास्त लागलं तर थर जाड होतोय. क्रीम फडक्यावर घ्यायचं, सोफ्यावर ओतायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने घासून उरलेलं उचलायचं. चिकट राहिलं तर धूळ धरतं. पिगमेंटवाल्या लेदरमध्ये क्रीम फारसं आत जात नाही, तिथे ते वरचा थर लवचीक ठेवण्यापुरतं. अ‍ॅनिलिनमध्ये जातं आणि रंग थोडा गडद करतं. डबीवर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ लिहिलेलं असतं तेही घासलं, पुसलं की कमी होत जातं. तोंडाला लावायचं सनस्क्रीन लेदरवर कधीही नको. त्याचेच डाग पडतात.

खोबरेल तेलाचा सल्ला घराघरात आहे. पहिले चार दिवस सोफा तुकतुकीत दिसतो. मग तेल शिवणीच्या दोऱ्यात आणि खाली फोममध्ये उतरतं, वर धूळ धरतं, कपड्यांना डाग लावतं आणि जुनं झालं की वास येतो. मोहरीचं तेल आणखी वाईट, ते हवेने चिकट होत जातं. बुटाचं पॉलिश पँटला लागतं. पण सगळ्यांत त्रासदायक गाडीच्या डॅशबोर्डचा सिलिकॉन स्प्रे. चकाकी येते, आणि पुढे कधी रंगकाम करायचं म्हटलं की नवा रंग त्या सिलिकॉनवर धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल ठिपके सुटतात. असा सोफा आला की आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो, कारण उत्तरावर कामाचे दिवस ठरतात.

रंग आधीच उडालेला असेल आणि चामडं अजून मऊ असेल तर पुन्हा रंगवता येतं. कुशनखालचा न उडालेला भाग हा मूळ रंगाचा नमुना. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ८०० नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने घासून, पाण्यावर चालणारा लेदर पिगमेंट आधी स्पंजने आणि मग स्प्रेने दोन-तीन पातळ थरांत द्यायचा, प्रत्येक थर वाळवून. त्यावर क्रॉसलिंकर (थर पक्का करणारं रसायन) मिसळलेला टॉपकोट. चोवीस तास बसायचं नाही, आठवडाभर पुसायचं नाही. उरलेला पिगमेंट घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर सोफ्याचा रंग आणि तारीख लिहून, खालच्या कपाटात ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला तर पुढच्या उन्हाळ्यात बाटलीत रबराचा गोळा सापडतो. क्रॉसलिंकर मिसळलेला टॉपकोट काही तासांतच निकामी होतो, तो जपू नका.